नऊ इंच

शिमग्याच्या आदल्या दिवशी वावटळ आली आणि गोठ्यावरचा पत्रा एका बाजूनं सुटला. खाली म्हैस बांधलेली. माझा लेक वैजनाथ शेतात होता आणि सून पुनम चुलीपुढं. हाक मारली असती तर ती आली असती, पण पत्र्यासारख्या कामाला कुणाला हाक मारायची सवय मला न्हाई. मीच धरला. वाऱ्यानं तो हिसकला आणि माझ्या उजव्या मनगटाच्या वर दोन बोटांवर असा उतरला की आतलं पांढरं दिसलं.

अहमदपूरला टाके घातले. आठ दिवसांत वरची कातडी जुळून आली, पण अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि तिसऱ्याची अर्धी बाजू मेलेलीच राहिली. करंगळी तेवढी जिवंत. बाकीच्यांना चिमटा घेतला तर शेजारणीच्या हाताला घेतल्यासारखं वाटायचं. मग लातूर गाठलं.

तिथला डॉक्टर तरणा होता, धम्मानंद नावाचा. मी त्याला गाव विचारलं. त्यानं गाव सांगितलं आणि म्हणाला, "पुढचंही विचारून घ्या आजी, मनात कशाला ठेवता."

मी म्हणलं, "हात तुझ्या हातात दिलाय. आता विचारून काय करू?"

तो हसला. पुनमनं मान खाली घातली. माझी लाज वाटून घ्यायची तिला जुनी सवय हाय.

डॉक्टरनं कागदावर रेघ ओढून दाखवलं. तुटली ती रक्ताची शीर न्हाई, जाणिवेची. मज्जातंतू. तिची पेशी मानेजवळ मणक्यापाशी बसलेली असते आणि तिथून एकच लांब धागा बोटाच्या टोकापर्यंत येतो. धागा तुटला की तुटल्या जागेपासून खालचा सगळा मरतो, सडून जातो, नुसती पोकळ नळी राहते. वरची पेशी जगली तर तुटक्या टोकाला नवा कोंब फुटतो आणि त्या नळीतून पुढं सरकतो.

"म्हणजे उसाचा खोडवा, तोडल्या बुडख्याला परत फुटतो तसा," मी म्हणलं.

"हाव, खोडवाच. पण मी दोन्ही टोकं जुळवून शिवतो, म्हणजे कोंब आपल्या सरीतून जाईल. न्हाई तर भलत्याच सरीत शिरतो."

"दिवसाला किती वाढतंय?"

"ज्वारीचा दाणा असतो ना, त्याच्या पाव भाग. महिन्याला इंचभर धरा." त्यानं टेप घेतली आणि जखमेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापलं. नऊ इंच भरले.

ते नऊ इंच ऐकून पुनमचा चेहरा पडला, आणि तो का पडला ते मला तिथंच कळलं. माझी नात वर्षाराणी दहावीची परीक्षा देत होती. जूनपासून तिला लातूरला क्लासला घालायचं, पुनमनं तिथं खोली घेऊन दोन वर्षं तिला रांधून घालायचं, असं नवराबायकोनं ठरवून टाकलं होतं. मला विचारलं न्हवतं, सांगितलं होतं. आमच्या गावात निम्म्या घरांत आता हेच. पोरगं क्लासला, माय त्याच्यामागं, मग बाप शनिवार-रविवार म्हणत म्हणत तिकडंच. आमच्या शेजारची बसम्मा हाय. तिची सून 'दोनच वर्षं' म्हणून गेली त्याला पाच वर्षं झाली. बसम्मा सकाळीच दोन भाकऱ्या थापते आणि संध्याकाळी त्यातली एक पाण्यात भिजवून खाते. तिला मी तोंडावर विचारलेलं हाय, "बसम्मा, तू सून आणली होतीस का पाहुणी?"

माझ्या घरात तसं होणार न्हवतं. पण डॉक्टरपुढं, लेकापुढं मला मोठेपणा सुचला. मी म्हणलं, "पुनम, हात आला की तू जा. मी अडवणार न्हाई."

वैजनाथनं ऐकलं. डॉक्टरनं ऐकलं. शब्द दिला तेव्हा मला खरंच वाटत होतं की या वयात खोडवा काही येत न्हाई.

डॉक्टरनं धागा शिवला. जूनमध्ये वर्षाराणी एकटीच हॉस्टेलला गेली. पुनम मागं राहिली, कारण मला घास भरवणं, वेणी घालणं, लुगड्याच्या निऱ्या खोचणं, सगळं तिच्यावर आलं. डाव्या हातानं यातलं निम्मं मला जमत होतं. मी करत न्हवते. वीस वर्षं घरात असून तिनं मला कधी निवांत बघितलं न्हवतं, आता बघू दे म्हणलं. घास मोठा झाला तर मी तोंड फिरवायची. लहान झाला तर म्हणायची, "चिमणीला भरवतीस का?"

दर महिन्याला एसटीनं लातूरला जायचं. डॉक्टर मनगटापासून बोटांकडं आपल्या बोटानं टकटक करत जायचा. कोंबाचं टोक जिथं आलेलं असतं तिथं ठोकलं की मुंग्या येतात, वीज लागल्यासारखी पुढं पळते. "इथं?" तो विचारायचा. मी "हं" म्हणलं की निळ्या पेनानं तिथं रेघ मारायचा. पुनम त्या रेघेचा फोटो काढून लेकीला पाठवायची, मग तासभर हॉस्टेलात जाऊन तिला भेटायची, आणि परतीच्या गाडीत माझा हात मांडीवर घेऊन बघत बसायची. मरायला टेकलेल्या माणसाच्या शेताकडं भाऊबंद बघतात, तसं.

पहिली रेघ मनगटावर. दुसरी तळव्याच्या उंबऱ्यावर. मी खरं तेच सांगत होते.

श्रावणात एक दिवस कोठीत गेले तर कोपऱ्यात खोकं. आत नवा कुकर. त्याच्यामागं गादीची वळकटी, दोन ताटं, दोन वाट्या. मी मोजल्या. दोनच. मी माझ्या तळव्याकडं बघितलं. रेघ मधोमध आली होती. माझ्या हातावर ती बाई तिच्या जायची तारीख लिहून घेत होती, आणि मीच तिला "हं, हं" म्हणून जागा दाखवत होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरनं तळव्यावर ठोकलं. वीज अशी गेली की अंगठ्याच्या नखापर्यंत लखलखलं.

"इथं?"

"न्हाई."

"नीट बघा, आजी."

"मागं होतं तिथंच हाय. पुढं काय कळंना."

त्यानं डोळे बारीक केले, परत परत ठोकलं. मी खिडकीतून बाहेरच्या आटोरिक्षा बघत होते. रेघ जुन्या रेघेवरच पडली. त्या दिवशी गाडीत पुनमनं माझा हात मांडीवर घेतला न्हाई.

मेलेलं परत येतं ते गोड होऊन येत न्हाई, हे मला कुणी सांगितलं न्हवतं. आधी येते ती आग. पदराचा काठ बोटाला लागला की खाजकुइली लागल्यासारखं. गार पाणी पडलं की चटका. वाऱ्याची झुळूक आली तर अंगठ्यातून सुई आरपार. हे सगळं मी बसल्या जागी गिळलं. बाळंतपणं केलीत मी पाच, त्यातली दोन लेकरं जगली. तोंड कसं मिटावं ते मला शिकवायला कुणी नको. पुनम समोर असली की हात मांडीवर टाकून द्यायची, मेल्या घोरपडीसारखा.

दिवाळीला वर्षाराणी आली. गालाची हाडं वर आलेली. मेसचं जेवण अंगी लागत न्हाई म्हणाली. मी म्हणलं, "मम्मीला घेऊन जा की मग."

"हात आला की येणारच हाय ती," पोरगी म्हणाली. "तूच बोललीस ना."

सांधे आखडू नयेत म्हणून रोज वीस मिनिटं हात कोमट पाण्यात ठेवायचा, मग चोळायचा, असं डॉक्टरनं सांगितलेलं. दिवाळीत ते काम पोरीनं घेतलं. माझा हात घमेल्यात बुडवून ती शेजारी पुस्तक घेऊन बसायची आणि मला ऐकवायची. पोटातल्या लेकराच्या अंगात लागतात त्याहून लई जास्त पेशी तयार होतात. एकेक आपला धागा बाहेर सोडून अंधारात चाचपडत जागा शोधते. जिला जागा सापडते ती राहते. जिला सापडत न्हाई ती आपली आपण मरून जाते.

"शहाण्या हायत," मी म्हणलं.

"हाव. दुसऱ्याची वाट अडवून बसत न्हाईत."

मी तिच्याकडं बघितलं. ती पुस्तकात बघत होती. पाण्यातून हात काढून तिनं पुसला, बोटं एकेक करून उजेडाकडं धरून बघितली. मला वाटलं, पोर माया करतेय.

ती गेली आणि पंधरा दिवसांनी एका दुपारी पुनम भाकऱ्या करत होती. मी जेवायला बसलेली. तिनं निखाऱ्यावरची टम्म फुगलेली भाकरी उचलली आणि माझ्या उजव्या तळव्यावर ठेवली.

"जरा धरा आत्याबाई, ताट विसळते."

ताट विसळलेलंच होतं. ती ताट हातात घेऊन माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. भाकरीच्या पोटातली वाफ फुटून तळव्यावर आली. जीव टाळूपर्यंत गेला. डोळ्यांपुढं पिवळं झालं. मी भाकरीकडं बघितलंसुद्धा न्हाई.

"ठेचा वाढ," मी म्हणलं. "कालचा न्हाई, आजचा."

तिनं ताट पुढं ठेवून वाढला. मी डाव्या हातानं सावकाश भाकरी उचलली, ताटात ठेवली, मोडली. पूर्ण भाकरी खाल्ली. संध्याकाळी तळव्यावर लिंबाएवढा फोड आला. तो बघितला आणि पुनम माझ्या पायावर पडून रडायला लागली. "चुकलं आत्याबाई, माझ्या मनात पाप आलं. मला वाटलं तुमी..."

"मेलेल्याला काय कळतंय," मी म्हणलं. "ऊठ, म्हशीला पाणी दाव."

डॉक्टरनं फोड बघून तिला झापलं. जाणीव न्हाई त्या हाताला विस्तवाजवळ नेऊ नका असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, घरात एवढं तरी बघणारं माणूस पाहिजे, असं काय काय बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मी शेजारी बसले होते. मग त्यानं रेघ बघितली आणि म्हणाला, कोंब तळव्यात अडकलाय असं दिसतंय, संक्रांतीपर्यंत वाट बघू, न्हाई तर हात परत उघडावा लागेल.

घरी आल्यावर पुनमनं कोठीतलं खोकं फोडलं आणि नवा कुकर मांडणीवर ठेवला. दोन ताटं बाकीच्या ताटांत मिसळली. मी बघत होते. जिंकले होते मी.

मग येळवस आली, मार्गशीर्षातली अमावस्या. येळवसेला अख्खं लातूर रिकामं होतं, ज्याचं त्याचं माणूस आपापल्या शेतात शेंगा-पालेभाज्यांची भज्जी खायला येतं. क्लासवाले पण सुट्टी देतात. वर्षाराणी आदल्या दिवशी सकाळीच आली. अंगणात बसम्मा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, पुनम चुलीवर आंबिलीचं पीठ शिजवत होती. आमच्या घरात आंबिलीच्या गुठळ्या घरातल्या थोरल्या बाईनं उजव्या हातानं मोडायच्या, मगच त्यात ताक पडायचं. माझ्या सासूनं मरेपर्यंत मोडल्या. ती मेली त्या वर्षापासून मी. तो मान मी कुणाला दिलेला न्हाई.

पुनमनं माठ खाली उतरवला, पीठ कोमट होऊ दिलं आणि म्हणाली, "आत्याबाई, यंदा डाव्या हातानं चालतंय का?"

वर्षाराणी मधीच बोलली. "डाव्या कशाला? मान उजव्याचा हाय. आज्जीनं उजवा नुसता बुडवून ठेवायचा, गुठळ्या मी मोडते. न्हाई तर मम्मी, तूच मोड. आज ना उद्या तुझ्याकडंच येणार की ते."

बसम्माचे हात शेंगांवर थांबले. ती माझ्याकडं बघायला लागली. तिच्या घरी पाच वर्षं आंबील झाली न्हवती.

"मी जिवंत हाय अजून," मी म्हणलं, आणि हात माठात घातला.

कोमट होतं ते. घरातल्यांना कोमट. मला उकळत्या रसात हात दिल्यासारखं झालं. पोरगी माझ्या शेजारी बसून दुसऱ्या बाजूनं गुठळ्या मोडत राहिली आणि सावकाश गप्पा हाणत राहिली. हॉस्टेलातल्या पोरींच्या, मेसवाल्या मलप्पाच्या, तो डाळीत पाणी घालतो का पाण्यात डाळ यावर पोरींनी लावलेल्या पैजेच्या. बसम्मा हसत होती. मी पण हसले. पंचवीस मिनिटं झाली असतील. मला वाटायचं, आता पोर 'हात काढ' म्हणंल, तर ती दुसरी गोष्ट काढायची.

शेवटी म्हणाली, "बास, आज्जी. काढ." तांब्यानं तिनं माझ्या हातावर पाणी ओतलं, पीठ धुतलं, आणि हात धरून पुनमपुढं नेला.

"मम्मी, बोटं बघ."

बोटं सुरकुतली होती. करंगळी आणि तिच्याबरोबर बाकीची चारही, धुण्याच्या बाईच्या बोटांसारखी.

"मज्जातंतू मेला असला ना, तर बोट पाण्यात किती बी ठेव, बाहुलीच्या बोटासारखं गुळगुळीत राहतंय," वर्षाराणी म्हणाली. "राखीला आले तेव्हा नुसती करंगळी सुरकुतली होती. दिवाळीला अंगठा, थोडासा. आता सगळी. बोलणं तोंडाच्या हातात असतंय, हे न्हाई."

मला हे ठाऊक न्हवतं. ती गुळगुळीत बोटं मी उन्हाळ्यापासून बघत होते. मला वाटायचं, मेल्या कातडीत पाणी शिरत न्हाई, एवढंच. दुखणं माझं, कळणं माझं, मी बोलेन तेवढंच लोकांना दिसेल, असं मी धरून चालले होते. आणि माझीच बोटं माझ्या पाठीमागं साक्ष देत होती.

पुनमनं हात उलटा केला. तळव्यावर फोडाचा गुलाबी डाग होता. त्यावरून तिनं बोट फिरवलं आणि माझा खांदा उडाला. आता लपवून काही उपयोग न्हवता, तर तो उडाला.

"हे झालं तेव्हा कळत होतं तुमाला?"

"ठेचा कालचाच होता," मी म्हणलं.

बसम्मा उठली, शेंगांचं टोपलं तिथंच टाकून गेली. दिवस मावळायच्या आत गावभर झालं असणार.

मी नातीला विचारलं, "भाकरीचं डोकं कुणाचं?"

"माझं. फोनवर सांगितलं. मम्मीला असलं सुचत न्हाई."

"दिवाळीलाच का बोलली न्हाईस?"

"पक्कं कळंना. आणि बघायचं होतं, तू कुठवर सोसतीस." तिनं माझा हात ओढणीनं कोरडा केला, नीट, बोट न बोट. "लई सोसतीस."

तिच्या तोंडावर माझं नाक हाय, ते मला तिच्या बारशालाच दिसलं होतं. बाकीचं त्या दिवशी दिसलं. वीस वर्षं या घरात मी एकटीच खमकी बाई होते, असं मला वाटायचं.

येळवस झाली. शेतातल्या कडब्याच्या कोपीपुढं पुनमनं सगळ्यांना वाढलं, मला पण वाढलं, पण ताटात. भरवलं न्हाई. वैजनाथ पंगतीत खाली मान घालून म्हणाला, "माय, तू डॉक्टरपुढं शब्द दिलता." चाळीस वर्षांत त्या लेकरानं मला तोंड वर करून काही सुनावलं असंल तर एवढंच, आणि ते पण मान खाली घालूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर परत खोक्यात गेला. पुनम आणि पोरगी सामान घेऊन लातूरला निघाल्या; मी पण त्यांच्याबरोबर जायचं, वाटेत डॉक्टरला हात दाखवायचा आणि संध्याकाळी वैजनाथ मला आणून सोडणार, असं ठरलं. डॉक्टरनं माझं खोटं ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आजी, कोंब पोहोचला. पण काही धागे चुकीच्या नळीत शिरतात, ते कुणाच्याच हातात नसतं. म्हणून पहिल्यांदा कळायला लागलं की लगेच बोटांना शिकवावं लागतं. डोळे मिटून दाणे ओळखायचे, कापूस ओळखायचा. मेंदू नवीन वाट पाठ करतो. तुमचे चार महिने गेले."

"आता शिकीन की."

"शिका. थोडं येईल."

वैजनाथनं मला गावात सोडलं आणि सामान लावायचं राहिलंय म्हणून त्याच गाडीनं परत गेला. पुनमनं जायच्या आधी पीठ चाळून ठेवलं होतं, चुलीशेजारी जळण, म्हशीला वैरण. पाया पडली होती. म्हणाली होती, "हात आलाय, आत्याबाई. थापा."

मी परात घेतली. पीठ मळलं. उंडा घेऊन थापायला लागले तर अंगठ्याखाली पीठ हाय ते मला मधल्या बोटात कळत होतं, आणि मधल्या बोटाखालचं अंगठ्यात. प्रत्येक थापेला आग. कडा फाटल्या. पहिली भाकरी तव्यावर टाकताना दुमडली, दुसरी अर्धी जळली. ती मी उजव्या हातानंच उचलली.

बसम्मा वाटीत कालवण घेऊन उंबऱ्याशी येऊन उभी राहिली होती. किती वेळ उभी होती ठाऊक न्हाई.

"केवळाबाई, हात आला म्हणं."

"आला."

"मग चांगलं झालं की." तिनं परातीकडं बघितलं. "चौघांचं मळलंस."

सवयीनं मळलं होतं. दोन भाकऱ्यांचं पीठ अजून तसंच होतं, बसम्माच्या पोटाला पुरलं असतं आणि तिच्या वाटीतलं कालवण माझ्या जळक्या भाकरीला. ती वाटी पुढं करायला लागली होती. मी उठले, पिठाचा गोळा उचलला, तिच्या अंगावरून गोठ्यात गेले आणि म्हशीपुढं टाकला.

परत आले तेव्हा उंबऱ्यावर कुणी न्हवतं. मी भाकरी खाल्ली. लई गरम होती.